राष्ट्रीय उत्पादन कसे मोजतात आणि ते कशाने ठरते: नव्या अभ्यासकांसाठी सांगलीतील उदाहरणांसह

स्थूल अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू करणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच एक समीकरण दोनदा भेटते. परदेशी व्यापार बाजूला ठेवला तर उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्च यांची बेरीज म्हणजे उत्पादन, असे ते समीकरण सांगते. पहिल्यांदा ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत येते आणि तिथे ते कधीच चुकत नाही, कारण हिशेबाची मांडणीच तशी केलेली असते. दुसऱ्यांदा ते वस्तुबाजाराच्या प्रतिमानात, म्हणजे उत्पादन कशाने ठरते ते दाखवणाऱ्या सोप्या गणिती मांडणीत (मॉडेलमध्ये), येते आणि तिथे ते फक्त समतोलाच्या स्थितीत खरे ठरते. हा फरक ज्याच्या लक्षात येतो त्याला गुणक, बचत, कर हे पुढचे सारे विषय एकाच सूत्रात ओवलेले दिसतात. ज्याच्या हातून तो निसटतो त्याला सूत्रे पाठ करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून या लेखात आधी मोजणी नीट समजून घेऊ आणि मगच प्रतिमानाकडे वळू. उदाहरणे सांगली जिल्ह्यातील आहेत. हिशेबासाठी घेतलेले किमतींचे व रकमांचे आकडे मात्र गृहीत धरलेले आहेत, ते कोणत्याही वर्षाचे प्रत्यक्ष भाव नव्हेत. सोबत वही-पेन घेऊन बसावे, कारण हा विषय नुसता वाचून उमगत नाही.

पहिली पायरी: व्याख्येतला प्रत्येक शब्द काय वगळतो ते पाहा

वर्तमानपत्रे ज्याला जीडीपी म्हणतात त्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाची व्याख्या अशी: देशाच्या हद्दीत, ठरावीक काळात, नव्याने उत्पादित झालेल्या सर्व अंतिम वस्तू आणि सेवांचे बाजारभावाने केलेले एकूण मूल्य. यातला प्रत्येक शब्द काहीतरी बाहेर ठेवण्यासाठी घातलेला आहे.

‘ठरावीक काळात’ म्हणजे भारतात १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात, किंवा त्याच्या एखाद्या तिमाहीत. उत्पादन हा प्रवाह आहे, साठा नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा विचार करून पाहा. कृष्णेच्या पाण्यात पडलेली घरे ही आधीच्या वर्षांत उभी राहिलेली संपत्ती होती. ती नष्ट झाली म्हणून त्या वर्षाच्या उत्पादनातून थेट काही वजा होत नाही. गोदामात भिजलेली आदल्या हंगामाची हळदही आदल्याच वर्षाच्या उत्पादनात धरलेली होती. शेतात उभा ऊस कुजला आणि पेठेतली दुकाने बंद राहिली, त्यामुळे मात्र त्या वर्षाचे उत्पादन खरोखर घटले. पुढे भिंती बांधायला गवंडी लागले, दारे-खिडक्यांना सुतार लागले, ते काम उत्पादनात वाढ म्हणून नोंदले गेले. एखादे कुटुंब पुरात गरीब झाले आणि तरीही त्याच्या घराच्या दुरुस्तीने उत्पादनाचा आकडा वाढला, असे घडू शकते. माझ्या मते हा या मोजमापाचा दोष नाही, कारण ते उत्पादन मोजते, संपत्ती किंवा सुख मोजत नाही. पण बातमीतला टक्केवारीचा आकडा वाचताना ही मर्यादा सतत मनात असायला हवी.

‘हद्दीत’ या शब्दासाठी खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांचे उदाहरण उत्तम आहे. विट्याकडचा एखादा माणूस केरळात सोने-चांदी गाळण्याचे दुकान चालवतो. त्याच्या कामाचे मूल्य केरळच्या राज्य उत्पादनात धरले जाते, सांगली जिल्ह्याच्या नव्हे. त्याने गावी धाडलेला पैसा हे उत्पादन नव्हेच, ते केवळ हस्तांतर आहे. त्या पैशातून गावाकडे नवे घर बांधले गेले तर ते बांधकाम मात्र सांगलीत झालेले उत्पादन आहे. हाच विचार देशाच्या पातळीवर नेला की देशांतर्गत उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पन्न या दोन संज्ञांतला भेद कळतो: पहिली भूभागाला धरून आहे, दुसरी देशाच्या रहिवाशांना मिळालेल्या उत्पन्नाला धरून.

‘नव्याने उत्पादित’ या शब्दांनी जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री बाहेर राहते. पाच वर्षे वापरलेला ट्रॅक्टर विकला, तर त्याची किंमत यंदाच्या उत्पादनात येत नाही. व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालाची दलाली मात्र येते, कारण ती यंदा दिलेली सेवा आहे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. शेतकऱ्याने विकण्याऐवजी घरी खायला ठेवलेली ज्वारी बाजारात आली नाही, तरी तिचे मूल्य अंदाजाने उत्पादनात धरले जाते. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या घरभाड्याचेही तसेच. पण त्या ज्वारीची भाकरी घरातल्या बाईने रोज चुलीवर थापली, तर तिच्या श्रमाचे मूल्य शून्य धरले जाते. तीच भाकरी खानावळीत थापली गेली तर ती मोजली जाते. मोजणीच्या अडचणी मान्य करूनही ही उणीव मोठी आहे असेच म्हणावे लागते.

दुसरी पायरी: हळदीच्या एका क्विंटलचा हिशेब स्वतः मांडा

‘अंतिम’ हा व्याख्येतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे आणि तो समजण्यासाठी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि सौद्याला आणतो. समजा, खते, औषधे आणि भाड्याच्या यंत्रांवर त्याने ३,००० रुपये खर्च केले आणि क्विंटलभर हळद १२,००० रुपयांना विकली. ती पूड करणाऱ्या गिरणीने घेतली, वीज आणि पिशव्यांवर १,५०० रुपये खर्च केले आणि तयार पूड १७,००० रुपयांना किराणा दुकानदाराला दिली. दुकानदाराने ती गिऱ्हाइकांना एकूण २०,००० रुपयांना विकली. अडत, हमाली, तोलाई सोपेपणासाठी बाजूला ठेवू. प्रत्यक्षात त्याही सेवाच आहेत आणि त्यांचेही मूल्य धरले जाते.

आता सगळ्या विक्रीच्या रकमांची बेरीज केली तर ३,०००, १२,०००, १,५००, १७,००० आणि २०,००० मिळून ५३,५०० रुपये होतात. ही बेरीज निरर्थक आहे, कारण शेतकऱ्याची हळद तीत तीनदा मोजली गेली आहे: एकदा सौद्यात, एकदा पुडीत आणि एकदा दुकानात. योग्य मार्ग दोन आहेत. एक, फक्त अंतिम विक्री मोजायची: २०,००० रुपये. दुसरा, प्रत्येकाने किती मूल्य नव्याने घातले ते मोजायचे. शेतकऱ्याचे मूल्यवर्धन १२,००० वजा ३,००० म्हणजे ९,०००, गिरणीचे १७,००० वजा १२,००० वजा १,५०० म्हणजे ३,५००, दुकानदाराचे ३,०००. खते, वीज आणि पिशव्या पुरवणाऱ्यांनी स्वतः बाहेरून काही घेतले नाही असे मानले, तर त्यांचे मूल्यवर्धन ४,५००. बेरीज पुन्हा २०,००० रुपयेच.

तिसरा मार्गही यातच दडलेला आहे. गिरणीने घातलेले ३,५०० रुपये कुठे गेले? काही कामगारांच्या पगारात, काही जागेच्या भाड्यात, काही बँकेच्या व्याजात आणि उरलेले मालकाच्या नफ्यात. म्हणजे मूल्यवर्धनाचा प्रत्येक रुपया कुणाचे तरी उत्पन्न असतो. उत्पादन, उत्पन्न आणि अंतिम खर्च या तिन्ही बाजूंनी मोजले तरी आकडा एकच यायला हवा, तो याच कारणाने. प्रत्यक्ष व्यवहारात माहितीचे स्रोत निराळे असल्याने थोडी तफावत राहते आणि ती अधिकृत आकडेवारीत ‘विसंगती’ म्हणून उघडपणे दाखवली जाते.

अधिकृत तक्त्यांत आणखी एक टप्पा असतो. सर्व क्षेत्रांच्या मूल्यवर्धनाच्या बेरजेत वस्तूंवरील कर मिळवले आणि वस्तूंवरील अनुदाने वजा केली की जीडीपी मिळतो. जानेवारी २०१५ पासून भारत हीच पद्धत ठळक आकड्यासाठी वापरतो. त्याआधी घटक किमतींना, म्हणजे अप्रत्यक्ष कर वगळून आणि अनुदाने मिळवून, मोजलेला जीडीपी मुख्य मानला जात असे.

तिसरी पायरी: वहीत चार रकाने आखा

आता खर्चाच्या बाजूने पाहू, कारण पुढचे प्रतिमान याच बाजूवर उभे आहे. वहीच्या पानावर उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निव्वळ निर्यात असे चार रकाने आखावेत आणि आठवडाभर कानावर पडणारा प्रत्येक व्यवहार योग्य रकान्यात टाकण्याचा सराव करावा. कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्या व्यवहारांसाठी पानाच्या तळाशी जागा ठेवावी. ती जागा लवकर भरते.

उपभोगाचा रकाना सोपा आहे. कुटुंबाने घेतलेला किराणा, एसटीचे तिकीट, डॉक्टरांची फी, घरासाठी घेतलेली दुचाकी हे सारे त्यात येते. भारतात एकूण अंतिम खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच, ढोबळमानाने साठ टक्क्यांच्या आसपास.

गुंतवणुकीच्या रकान्यात मात्र बहुतेकांची गल्लत होते, कारण बोलताना आपण प्लॉट घेतला, शेअर घेतले तरी ‘गुंतवणूक केली’ असेच म्हणतो. इथे प्लॉट आणि शेअर तळाच्या जागेत जातात. त्यांत फक्त मालकी बदलते, नवे काही उभे राहत नाही. तासगावच्या शेतकऱ्याने द्राक्षबागेला नवा मांडव उभारला, बेदाण्यासाठी शेड आणि रॅक घातली, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराने नवे यंत्र बसवले, कुणी नवे घर बांधले, तर ती गुंतवणूक. आणि एक गोष्ट अधोरेखित करून ठेवावी: उत्पादन झालेला पण न विकला गेलेला माल हीदेखील गुंतवणूकच मानली जाते. साठ्यात पडलेली भर असे तिचे नाव. सातव्या पायरीत सारे काही याच एका ओळीवर अवलंबून राहणार आहे.

सरकारी खर्चात शिक्षकांचे आणि सैनिकांचे पगार, कार्यालयांची खरेदी अशा, सरकार ज्यांच्या बदल्यात वस्तू किंवा सेवा घेते त्या गोष्टी येतात. अधिकृत तक्त्यांत सरकारने बांधलेला पूल गुंतवणुकीत दाखवतात. प्रतिमानात मात्र सोयीसाठी तोही सरकारी खर्चातच धरतात. पीएम किसान योजनेचे वर्षाला मिळणारे ६,००० रुपये, किंवा जुलै २०२४ पासून राज्याने सुरू केलेले लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये, हे यात येत नाहीत. ती हस्तांतरित देणी आहेत. त्या पैशाची साडी किंवा औषध घेतले गेले की तो खर्च उपभोगाच्या रकान्यात उमटतो.

निव्वळ निर्यात म्हणजे निर्यात वजा आयात. मिरजेत घडवलेली सतार परदेशी गेली तर तिची पूर्ण किंमत निर्यातीत येते. तिच्यासाठी पंढरपूर भागातून आणलेला भोपळा वेगळा मोजायचा नाही, कारण तो सतारीच्या किमतीत सामावला आहे. आयात वजा का करायची, असा प्रश्न नेहमी येतो. आयातीने उत्पादन घटते असे यात मुळीच म्हटलेले नाही. परदेशी वस्तूवरचा खर्च आधीच उपभोगात किंवा गुंतवणुकीत मोजला गेलेला असतो आणि ती वस्तू इथे बनलेली नसते, म्हणून ती बाहेर काढावी लागते, इतकेच.

चौथी पायरी: भाववाढ वेगळी काढा

ही पायरी झटपट उरकता येते. एका वर्षी १०० टन ऊस टनाला ३,००० रुपये भावाने, म्हणजे ३,००,००० रुपयांचा झाला. दुसऱ्या वर्षी १०५ टन ऊस ३,३०० रुपये भावाने, म्हणजे ३,४६,५०० रुपयांचा झाला. चालू किमतींना वाढ १५.५ टक्के दिसते. पहिल्या वर्षाचा भाव दोन्ही वर्षांना लावला तर खरी वाढ ५ टक्केच. ज्या वर्षाचे भाव स्थिर धरतात ते आधार वर्ष. भारताने २०११-१२ हे आधार वर्ष जानेवारी २०१५ मध्ये स्वीकारले. आधार वर्षे वेळोवेळी बदलली जातात, म्हणून दोन वेगळ्या मालिकांतले आकडे शेजारी ठेवून वाढीचा दर काढू नये.

आकडे शोधायचे झाल्यास देशासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे अंदाज पाहावेत. चालू वर्षाचा पहिला आगाऊ अंदाज जानेवारीच्या सुरुवातीला येतो. राज्यासाठी अर्थसंकल्पाआधी प्रसिद्ध होणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतही मिळते. जिल्ह्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आहे. सांगलीचे समालोचन एकदा तरी पानापानाने चाळावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. या साऱ्या मोजणीमागे आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी दरडोई उत्पन्न २० रुपये असल्याचा अंदाज मांडला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासह व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते.

पाचवी पायरी: प्रतिमान कुठे लागू पडते ते आधी ठरवा

इथपर्यंत आपण उत्पादन किती झाले ते मोजले. तेवढेच का झाले, जास्त किंवा कमी का नाही, हा निराळा प्रश्न आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये दिलेले उत्तर असे, की अल्पकाळात उत्पादन मागणीने ठरते. यामागचे गृहीतक नवख्याने डोळसपणे स्वीकारावे: किमती अल्पकाळ स्थिर राहतात आणि उत्पादक मागणी येईल तितका माल त्याच किमतीला बनवायला तयार असतो.

हे गृहीतक मार्केट यार्डातल्या सौद्याला लागू होत नाही. हळद किंवा बेदाणा यार्डात आला की त्या दिवसापुरता पुरवठा ठरलेला असतो. गिऱ्हाईक कमी असेल तर भाव पडतो आणि माल खपतो. जे जुळवून घेते ती किंमत. आता कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा फाउंड्रीवाला पाहा. त्याच्या दराचा करार वर्षभराचा असतो. मागणी घटली तर तो दर उतरवत नाही. दुसरी पाळी बंद करतो, कंत्राटी कामगारांना थांबायला सांगतो. जे जुळवून घेते ते उत्पादन, आणि त्याच्यासोबत रोजगार. वस्तुबाजाराचे प्रतिमान या दुसऱ्या प्रकारच्या बाजाराचे वर्णन करते. खऱ्या अर्थव्यवस्थेत दोन्ही प्रकार असतात. जिथे कारखाने, बांधकाम आणि सेवा यांचा वाटा मोठा तिथे हे प्रतिमान अधिक उपयोगी पडते.

सहावी पायरी: समीकरण मांडा आणि सोडवा

परदेशी व्यापार तूर्त बाजूला ठेवू. एकूण मागणी म्हणजे उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च. गुंतवणूक ५०० कोटी, सरकारी खर्च ४०० कोटी आणि कर ४०० कोटी रुपये, असे ठरलेले मानू. उपभोग मात्र उत्पन्नावर अवलंबून असतो. कर भरून हातात उरलेल्या प्रत्येक जादा रुपयातून लोक ७५ पैसे खर्च करतात असे धरू. हीच सीमांत उपभोग प्रवृत्ती. शिवाय उत्पन्न काहीही असो, २०० कोटींचा उपभोग होतोच. तो स्वायत्त उपभोग. म्हणजे

उपभोग = २०० + ०.७५ × (उत्पन्न − ४००)

कंस सोडवला तर उपभोग = ०.७५ × उत्पन्न − १००. यात गुंतवणूक आणि सरकारी खर्च मिळवले की

मागणी = ८०० + ०.७५ × उत्पन्न

समतोलाची अट: उत्पादन = मागणी. उत्पादन आणि उत्पन्न एकच, हे दुसऱ्या पायरीत पाहिले आहेच. म्हणून ०.२५ × उत्पन्न = ८००, म्हणजेच उत्पन्न = ३,२०० कोटी. उत्तर ताडून पाहावे: हातातले उत्पन्न २,८००, उपभोग २,३००, त्यात ५०० आणि ४०० मिळवून ३,२००. ताळा जमला.

सातवी पायरी: न विकलेल्या मालाकडे पाहा

या विषयाचे मर्म इथे आहे, म्हणून घाई करू नये. समजा, उत्पादकांनी अंदाज चुकवून ३,६०० कोटींचे उत्पादन केले. तेवढेच उत्पन्न लोकांच्या हाती आले, तर मागणी ८०० + २,७०० म्हणजे ३,५०० कोटी. १०० कोटींचा माल गोदामात पडून राहिला. हिशेबनीसाला विचारले तर तो म्हणेल, खर्च ३,६०० कोटीच आहे, कारण न विकलेले १०० कोटी साठ्यातील भर म्हणून गुंतवणुकीत टाकले. त्याचे समीकरण जुळलेलेच आहे. कारखानदाराला विचारले तर तो सांगेल की ही गुंतवणूक मी ठरवून केलेली नाही, ती माझ्या गळ्यात पडली आहे. पुढच्या महिन्यात तो उत्पादन कमी करतो. उलट उत्पादन २,८०० कोटींवर असेल तर मागणी २,९०० निघते, साठा १०० कोटींनी उतरतो, आणि कारखानदार जादा पाळी लावतो. दोन्ही बाजूंनी गाडी ३,२०० कडेच येते.

हिशेबात उत्पादन नेहमीच खर्चाइतके असते ते नकोशा साठ्यालाही गुंतवणूक म्हटल्यामुळे. प्रतिमानातल्या मागणीत फक्त ठरवून केलेली गुंतवणूक मोजतात, म्हणून तिथे समानता केवळ समतोलातच येते. सुरुवातीला उल्लेखलेला फरक तो हाच.

साठा दिसला की तो नकोसाच असेल असे मात्र समजू नये. सांगली-तासगावच्या शीतगृहांत हंगामानंतर बेदाण्याची बॉक्स रचलेली असतात. व्यापारी सण-उत्सवांची मागणी गृहीत धरून तो माल मुद्दाम राखून ठेवतात. तो नियोजित साठा आहे. सण उलटल्यावरही अपेक्षेपेक्षा जास्त बॉक्स आत राहिली, तर तेवढा भाग अनियोजित. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ठेवणाऱ्याचा इरादा कळल्याशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत.

आठवी पायरी: एकेक आकडा बदलून पाहा

सरकारी खर्च १०० कोटींनी वाढवून ५०० करावा आणि समीकरण पुन्हा सोडवावे. उत्तर ३,६०० येते. १०० कोटींच्या खर्चाने उत्पन्न ४०० कोटींनी वाढले. कारण असे: सरकारने रस्त्याचे १०० कोटींचे काम दिले, ते ठेकेदार, मुकादम, मजूर यांचे उत्पन्न झाले, त्यांनी ७५ कोटी खर्च केले, ते दुकानदार आणि रिक्षावाल्यांचे उत्पन्न झाले, त्यांनी ५६.२५ कोटी खर्च केले, आणि असेच पुढे. दर फेरीला रक्कम घटत जाते आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज १०० ÷ (१ − ०.७५) म्हणजे ४०० होते. या ४ पटीला गुणक म्हणतात. ही कल्पना रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडली.

आता वाढलेला १०० कोटींचा खर्च तेवढाच कर वाढवून भागवला तर? पुष्कळांना वाटते परिणाम शून्य होईल. सोडवून पाहावे: उत्तर ३,३०० येते, म्हणजे १०० कोटींची वाढ उरतेच. सरकार १०० चे १०० खर्च करते. लोकांनी मात्र कर भरण्यासाठी उपभोग ७५ नेच कमी केला, उरलेले २५ बचतीतून दिले. पहिल्या फेरीतला हा २५ चा फरक चौपट होऊन १०० होतो.

मूळ आकड्यांवर परत येऊन स्वायत्त उपभोग २०० वरून १०० करावा, म्हणजे लोकांनी काटकसर करायचे ठरवले असे मानावे. उत्पन्न २,८०० कोटींवर उतरते. हातातले उत्पन्न २,४००, उपभोग १,९००, म्हणून बचत ५००. काटकसरीआधीही बचत २,८०० वजा २,३०० म्हणजे ५०० कोटीच होती. सगळ्यांनी मिळून जास्त बचत करायला घेतली, बचत होती तेवढीच राहिली आणि उत्पन्न मात्र ४०० कोटींनी घसरले. गुंतवणूक ५०० वर स्थिर आहे आणि सरकारचा कर व खर्च समान आहे, म्हणून समतोलात बचत ५०० च असायला हवी. ती तिथे आणण्याचे काम उत्पन्नाच्या घसरणीने केले. घराच्या शहाणपणाचा नियम अर्थव्यवस्थेला जसाच्या तसा लावू नये, हे दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. यावरून बचत वाईट असा निष्कर्ष काढू नये. दीर्घकाळात बचतीतूनच यंत्रे आणि कारखाने उभे राहतात. हा निकाल अल्पकाळाचा आणि गुंतवणूक स्थिर मानल्याचा आहे.

एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत भारताचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार आदल्या वर्षाच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले होते. त्या घसरणीचा पूर्ण अर्थ या प्रतिमानाने लागत नाही, कारण तेव्हा मागणीइतकाच उत्पादनाचा मार्गही बंद होता. प्रतिमान कुठे थांबते तेही अशा प्रसंगांवरून शिकावे.

नववी पायरी: गळती मोजा

चारचा गुणक ऐकायला भारदस्त वाटतो, पण प्रत्यक्षात तो इतका मोठा नसतो. एक कारण असे की कर ठरावीक रकमेचे नसतात, ते उत्पन्नाबरोबर वाढतात. उत्पन्नाच्या २० टक्के कर धरला तर जादा रुपयातले ८० पैसे हातात राहतात, त्यातले तीन चतुर्थांश म्हणजे ६० पैसे खर्च होतात आणि गुणक १ ÷ ०.४, म्हणजे २.५ होतो.

दुसरे कारण बाहेरून येणारा माल. देशासाठी ती आयात. पण एखाद्या जिल्ह्याचा विचार केला तर शेजारच्या कोल्हापुरातून, पुण्यातून, तमिळनाडूतून आलेली प्रत्येक वस्तूही त्याच खात्यात जाते. सांगलीत खर्च होणाऱ्या या ६० पैशांतले ३० पैसे जिल्ह्याबाहेर बनलेल्या वस्तूंवर जातात असे मानले, तर जिल्ह्यात फिरत राहणारा भाग ३० पैसे उरतो आणि गुणक १ ÷ ०.७, म्हणजे सुमारे १.४३. तेच १०० कोटींचे रस्त्याचे काम आता जिल्ह्याचे उत्पन्न ४०० नव्हे, तर १४३ कोटींच्या आसपास वाढवते, आणि तेही त्या कामाची खडी, सिमेंट आणि मजूर इथलेच असतील तर. डांबर आणि यंत्रे बाहेरून आणली असतील तर पहिल्या फेरीचे १०० कोटीच पूर्ण पकडता येत नाहीत. आधी तेवढी रक्कम वजा करून उरलेल्या रकमेला १.४३ ने गुणावे लागते. साठ कोटींचे काम स्थानिक असेल तर उत्तर सुमारे ८६ कोटी येते. उरलेल्या चाळीस कोटींचा गुणक जिथे तो माल बनला त्या जिल्ह्यांत चालतो.

हा शेवटचा हिशेब आपापल्या तालुक्यातल्या एखाद्या चालू कामासाठी करून पाहावा. निविदेतली रक्कम घ्यावी, कोणते साहित्य कुठून येते ते काम पाहणाऱ्या अभियंत्याला विचारावे, आणि दोन-तीन वेगवेगळ्या गृहीत टक्केवारी घालून उत्तर किती हलते ते वहीत मांडावे. उपभोगाची टक्केवारी बदलली की उत्तर जास्त हलते की बाहेरच्या मालाची, हे एकदा स्वतः काढले म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या पुढच्या प्रकरणात व्याजदर आणि पैशाची बाजारपेठ आल्यावर गुंतवणुकीचा आकडा स्थिर का ठेवता येत नाही, हे समजायला वेळ लागत नाही.